टिटवीने मारलेली हाक

ओढ्याकाठच्या एका उघड्या माळावर एका टिटवीने संसार थाटला होता. संसार म्हणजे काय, मुलांनो, तर पायांनी उकरलेली ओंजळभर खोलगट जागा, तिच्याभोवती गोळा करून लावलेले खडे आणि त्यात मातीच्याच रंगाची चार ठिपकेदार अंडी. ना काटकी, ना कापूस. जवळून जाणाऱ्यालाही दिसू नये, एवढाच त्या घराचा आडोसा. म्हणून टिटवी दिवसभर डोळ्यांत तेल घालून असे. आभाळात घारीची सावली हलली किंवा गवतात सळसळ झाली, की तिचा आवाज माळभर घुमे. तो ऐकला की ससा झुडपात शिरे, रानकोंबडी करवंदीच्या जाळीत दडे, चरणारी हरणे माना वर करीत. टिटवी उगाच ओरडत नाही, असा तिचा लौकिक होता.

त्या वर्षी तिने अंडी घातली आणि तिसऱ्याच दिवशी तिच्या जोडीदाराला ससाण्याने उचलले. माळावरचे सगळे हळहळले. "शिकार झाली हो बिचाऱ्याची," असे म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. टिटवी एकटी उरली. वैशाखाचे दिवस होते. दुपारी खडे इतके तापत, की अंड्यांवरून उठले तर ती भाजून निघतील आणि बसून राहावे तर आपणच करपून जाऊ, असे तिला होई. अशा वेळी टिटव्या काय करतात ठाऊक आहे? ओढ्यावर जातात, पोटाची पिसे भिजवतात, आणि तो गारवा घेऊन अंड्यांवर येऊन बसतात. एक जण पाण्यावर गेला, तर दुसरा अंडी राखतो. पण आता हिचा दुसरा होता कुठे?

माळाच्या कडेला एक पळस होता. त्यावर एक टकाचोर आपल्या जोडीदारणीसह राहत असे. तांबूस अंगाचा, काळ्या डोक्याचा, भली लांब शेपटी असलेला पक्षी. टका म्हणजे जुन्या काळचे नाणे. त्याला हे नाव कुणी आणि कशावरून दिले, ते माळावर कुणालाच सांगता आले नसते. त्याच्या सात पिढ्यांत कुणी नाणे पाहिलेसुद्धा नव्हते. पण नाव पडले ते पडले. तो त्याच नावाला ओ देई. पळसाच्या शेंड्याजवळ काटक्यांच्या घरट्यात त्याची तीन पिल्ले होती, अजून पंख न फुटलेली.

टिटवीची ओढाताण तो वरून रोज बघत होता. दोन आठवडे झाल्यावर एके दिवशी तोच म्हणाला, "ताई, तू जा पाण्यावर. तू येईपर्यंत मी खाली नजर ठेवतो."

"तुला तुझी पिल्लं नाहीत का बघायची?"

"ती इथेच तर आहेत. एका डोळ्यानं ती, एका डोळ्यानं तुझी अंडी. जा तू."

तेव्हापासून तसेच चालू झाले. टिटवी ओढ्यावर जाई, टकाचोर खालच्या फांदीवर येऊन बसे. ती परतली, की तो उडून जाई. आभार ऐकायलाही तो थांबत नसे. दहा दिवस असे गेले. एका सकाळी टिटवीने कान लावला, तर दोन अंड्यांतून बारीक टकटक ऐकू आली. पिल्ले आतून कवच ठोठावत होती. तिला कोण आनंद झाला! तिने मान वर करून सांगितले, "उद्या-परवा बाहेर येतील बघ!"

"येऊ देत, येऊ देत," टकाचोर म्हणाला. "माझ्या पोरांना खेळायला सोबत होईल."

त्याच दुपारी टिटवी ओढ्यावर गेली. ऊन नेहमीपेक्षा कडक होते आणि पाणी आटून मागे सरकले होते, म्हणून तिला जरा उशीर झाला. पोटाची पिसे भिजवून ती परत आली, तेव्हा टकाचोर तिच्या घरट्याच्या जागेवरून वर उडत होता. खाली चारही अंडी नव्हती. खड्यांमध्ये दोन कवचांचे तुकडे पडले होते आणि त्यांना मुंग्या लागायला सुरुवात झाली होती.

टिटवीला काय करावे ते कळेना. तिला फक्त एवढेच सुचले, की ज्याच्या भरवशावर आपण गेलो त्याला विचारावे, काय झाले म्हणून. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "टकाचोर! टकाचोर! धाव रे, टकाचोर!"

ती हाक होती, मुलांनो. शेजाऱ्याला मारलेली हाक. पण माळ मोठा, वारा सुटलेला. लांबच्यांच्या कानांवर अर्धाच शब्द पडला. "चोर! चोर! धावा!" टिटवी उगाच ओरडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. ससा झुडपातून निघाला, रानकोंबडी जाळीतून आली, साळुंक्यांचा थवा आला. माळावरचा वडीलधारा डोमकावळा आपल्या भाऊबंदांना घेऊन आला. सर्वांच्या मागून मुंगूसही आले.

या मुंगसाला माळावर फार मान होता. दोन वर्षांपूर्वी करवंदीच्या जाळीत नागाने ठाण मांडले होते. मुंगसाने त्याला मारले. तेव्हापासून सगळे त्याला वाट सोडून देत. कुठे त्याने काही खाल्ले, कुणाचे काही नेले, तर लोक त्याला "मुंगूसदादांचा वाटा" म्हणत आणि विषय तिथेच मिटवत.

डोमकावळ्याने रिकाम्या जागेकडे पाहिले, मग पळसाकडे पाहिले.

"चोर कोण, ते टिटवीनं ओरडून सांगितलंच आहे," तो म्हणाला. "खाली ये रे!"

टकाचोर खाली आला. त्याची पिसे विसकटली होती आणि एका पंखातून रक्त येत होते. "मुंगसानं नेली," तो धापा टाकत म्हणाला. "मी त्याच्या अंगावर झेपावलो. पंखाला चावलं ते मला. पण चारही फोडली त्यानं. मी एकटा काय करणार?"

साळुंक्यांनी एकच गलका केला. मुंगूस मात्र रागावले नाही. शांतपणे मिशा पुसत ते म्हणाले, "मी नाग मारतो. अंडी राखायला मला कुणी बसवलं नव्हतं. ज्याला बसवलं होतं, त्याचं नाव काय, ते एकदा सगळ्यांनी मोठ्यानं म्हणून बघा."

काही जण हसले. डोमकावळ्याने विचारले, "काय रे, तू आयुष्यात कधी कुणाचं अंडं खाल्लं नाहीस?"

टकाचोराने खोटे बोलायला हवे होते की काय, कोण जाणे. पण तो खरे तेच बोलला. "खाल्लंय. एका दुष्काळात, उपासमारीनं. होल्याचं एक अंडं खाल्लंय मी. पण हिचं नाही. हिचं मी राखत होतो."

"ऐकलंत?" डोमकावळा म्हणाला. आता या डोमकावळ्याने त्याच वसंतात किती घरटी रिकामी केली होती, ते तिथल्या निम्म्या पाखरांना माहीत होते. पण वडीलधारा अंडे नेतो, तेव्हा त्याला "चव घेतली" म्हणायची माळावर रीत होती.

मग तो टिटवीकडे वळला. "तुझं घर गेलंय. तूच सांग. तू परत आलीस, तेव्हा याला घरट्याजवळ पाहिलंस का?"

टिटवीच्या पोटाची पिसे अजून ओली होती. त्यांतून थेंब थेंब पाणी खड्यांवर पडत होते आणि पडल्या पडल्या वाळत होते. तिने टकाचोराकडे पाहिले. त्याच्या पंखावरचे रक्त तिला दिसले. मी याला हाक मारली होती, चोर म्हटलं नव्हतं, एवढेच तिला सांगायचे होते. चार शब्दांचे काम. पण तिच्या आत काहीतरी इतके दुखत होते, की ते दुखणे कुणाच्या तरी अंगावर टाकावे असे तिला वाटले. मुंगसाच्या अंगावर टाकायची तिची हिंमत नव्हती. हा समोर होता, एकटा होता, आणि शब्द त्याच्यावर आधीच येऊन बसला होता.

"पाहिलं," ती म्हणाली.

ते खोटे नव्हते. तेवढ्याने निकाल लागला.

"माळ सोडून जा," डोमकावळा म्हणाला. "आत्ता."

"जातो," टकाचोर म्हणाला. "पण आठ दिवस द्या. पिल्लांना पंख फुटू देत. मग आम्ही सगळेच जाऊ, पुन्हा तोंड दाखवणार नाही. ताई, तू तरी सांग यांना."

टिटवी खड्यांकडे बघत राहिली.

"चोराची पिल्लं मोठी होऊन काय होणार?" साळुंक्यांतून कुणीतरी म्हणाले. आणि कावळे उठले. टकाचोर आणि त्याची जोडीदारीण पळसाकडे झेपावली, कावळ्यांनी त्यांना तिथे टेकू दिले नाही. दोनदा, तीनदा ती दोघे वळून आली. तिसऱ्या वेळी टकाचोराच्या लांब शेपटीची पिसे कावळ्यांच्या चोचींत राहिली. मग ती दोघे ओढ्यापलीकडे, टेकडीआड दिसेनाशी झाली. डोमकावळ्याने दोन कावळ्यांना पळसाच्या आजूबाजूला पहाऱ्यावर ठेवले.

त्या संध्याकाळपासून पळसावरची पिल्ले ओरडू लागली.

भुकेल्या पिल्लांचा आवाज कसा असतो, ते ज्याने ऐकले आहे त्याला वेगळे सांगायला नको. टिटवीला तो माळावर कुठेही गेले तरी ऐकू येई. ती पळसाखाली जाऊन उभी राही. पण टिटवीला झाडावर बसता येत नाही. फांदी धरून ठेवणारे पाऊलच तिला नसते. तिने चोचीत किडे धरून वरपर्यंत उडून पाहिले, घरट्याच्या कडेला पाय टेकवायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी ती घसरून खाली आली. दुसऱ्या दिवशी तिच्या मनात आले, की जावे आणि डोमकावळ्याला सांगावे. तो बसत असे त्या हिवराच्या झाडापर्यंत ती गेलीसुद्धा. तिथे मुंगूस सावलीत पसरले होते. ती तशीच मागे फिरली. 'उद्या सांगू,' तिने स्वतःला समजावले. 'मन जरा घट्ट झालं, की सांगू.'

तिसऱ्या दिवशी सकाळी पळस शांत होता.

टिटवी बराच वेळ खाली उभी राहिली. वारा आला की पाने वाजत, तेवढेच. मग पहाऱ्यावरचे कावळेही उडून गेले. राखण्यासारखे तिथे आता काही उरले नव्हते.

यानंतर चार-पाच दिवसांचीच गोष्ट. करवंदीच्या जाळीजवळून जाताना टिटवीला आत खुडबुड ऐकू आली. तिने वाकून पाहिले. रानकोंबडीच्या घरट्यात मुंगूस बसले होते. सहा अंड्यांपैकी तीन फुटलेली होती आणि चौथे त्याच्या पुढच्या पायांत होते. टिटवी ओरडली. तिच्या त्या आवाजावर सगळा माळ पुन्हा धावत आला. रानकोंबडी आली, ससा आला, डोमकावळा आला. मुंगूस पळाले नाही. त्याने चौथे अंडे संपवले, तोंड गवताला पुसले आणि मगच वर पाहिले.

"काय झालं? मीच खाल्ली," ते म्हणाले. "आणि टिटवे, तुझीही मीच खाल्ली होती. तू पाण्यावरून यायला उशीर केलास."

आता कुणीतरी तो शब्द उच्चारेल, म्हणून टिटवी वाट बघत होती. माळावर तो सगळ्यांच्या जिभेवर होता, आठ दिवसांपूर्वीच तर तो किती सहज निघाला होता. शेवटी तिचीच चोच उघडली, "चो..."

"शब्द जपून वापर," डोमकावळा घाईने म्हणाला. "मुंगूसदादांची गोष्ट वेगळी. ते नाग मारतात. त्यांनी घेतलं, त्याला चोरी म्हणत नाहीत. हो की नाही, रानकोंबडे?"

रानकोंबडीने उरलेली दोन अंडी पंखाखाली ओढून घेतली होती. ती खाली मान घालून म्हणाली, "नेली तर नेली. नागापेक्षा बरं."

"मग चोरी म्हणतात तरी कशाला?" टिटवीने विचारले. "माझ्या धन्याला नेलं, ती शिकार. तुम्ही नेता, ती चव. मुंगूस नेतं, तो वाटा. आणि ज्यानं काहीच नेलं नाही, ज्यानं माझ्या अंड्यांसाठी पंख फाडून घेतला, त्यालाच तेवढं चोर म्हणायचं?"

"चोर तूच म्हणालीस की!" साळुंकी फणकाऱ्याने म्हणाली.

"नाही म्हणाले मी. मी त्याला हाक मारत होते. त्याचं नाव घेऊन हाक मारत होते."

सशाने डोळे मोठे करून हळूच विचारले, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

मुंगूस आळस देऊन निघून गेले. त्याला वाट द्यायला सगळे बाजूला झाले. डोमकावळा खाकरला आणि म्हणाला, "झालं ते झालं. त्याला म्हणावं, परत ये. आमची काही हरकत नाही."

टिटवी त्याच पावली निघाली. ओढ्याच्या काठाकाठाने ती उडत राहिली. दर झाडापाशी उतरून वर पाही, पुन्हा उडे. हाक मात्र तिच्याने मारवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन टेकड्यांपलीकडे एका वाळक्या बाभळीवर तिला टकाचोर दिसला. शेपटीची दोनच पिसे उरली होती. एक पंख खाली लोंबत होता. त्याची जोडीदारीण पलीकडच्या फांदीवर पाठ करून बसली होती. तिने वळून पाहिले नाही.

"मी सगळ्यांना खरं सांगितलं," टिटवी खालून म्हणाली. "मुंगसानंही कबूल केलं. डोमकावळा म्हणतो, परत या."

टकाचोराला यातले काही ऐकूच आले नसावे. तो फांदीच्या टोकापर्यंत सरकत आला आणि त्याने विचारले, "पिल्लं ओरडतात का गं? कावळे फार मारायचे म्हणून आम्हाला जवळ जाता येईना. मग हा पंख गेला. कुणी काही घालतंय का त्यांना?"

टिटवीने मान खाली घातली. तिथे उभे राहून तिला जे सांगावे लागले, ते तिने कोणत्या शब्दांत सांगितले, ते मी लिहीत नाही. पलीकडच्या फांदीवरची जोडीदारीण एकदाच ओरडली आणि उडून गेली.

"मी प्रयत्न केला रे," टिटवी म्हणाली. "किडे घेऊन वर गेले होते. मला झाडावर बसता येत नाही."

"ठाऊक आहे मला," टकाचोर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर टिटवीला बरे वाटले असते. "बसता येत नव्हतं. बोलता तर येत होतं."

मग टकाचोर म्हणाला, "मुंगसानं तुझं नेलं. माझं त्यानं काही नेलं नाही, ताई. माझं घर गेलं, पिल्लं गेली, माळावर चार जणांत बसायची जागा गेली. हे सगळं ज्यानं नेलं, त्याला तुमच्या माळावर काय म्हणतात?"

टिटवीला तो शब्द माहीत होता. तो उच्चारायला तिने चोच उघडली, पण टकाचोर थांबला नाही. मोडका पंख सावरत, या झाडावरून त्या झाडावर असा तो जोडीदारणीच्या मागे गेला. तो पुन्हा त्या माळावर कधी कुणाला दिसला नाही.

टिटवी परत आली. पुढेही ती तिथेच राहिली. माळावर कधी काही हरवले आणि हिवराखाली सभा भरली, की ती मध्ये जाऊन उभी राही आणि विचारी, "कुणी पाहिलं? काय पाहिलं? ज्यानं पाहिलं, त्यानं सगळं सांगा." असल्या प्रश्नांनी सभा लांबे. कुणाला ते आवडत नसे. हळूहळू तिला सभेचे बोलावणे येईनासे झाले. मुंगूस मात्र पुष्कळ वर्षे मानाने जगले आणि म्हातारे होऊन सावलीत मेले.

तात्पर्य : चोरी कशाला म्हणायचे, ते नेणाऱ्याचे बळ किंवा त्याचे नाव पाहून ठरवू नये. आणि निरपराध्याला चोर ठरवले जात असताना खरे माहीत असूनही जो गप्प बसतो, तो त्याचे सर्वस्व चोरतो. ही चोरी मागाहून कितीही खरे बोलले तरी परत करता येत नाही.